चुनखडीवरची तीन नावं

चौदा मार्च, शुक्रवार. रात्री साडेनऊला माझ्या मुलाचे मित्र अभिषेक आणि श्रिया शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हेन्डरसनहून आमच्या फ्लॅट बुशच्या घरी आले. तंबू मागायला. ईस्टरच्या सुट्टीत दोघांना देशाच्या दक्षिण बेटावर, साउथ आयलंडला जायचं होतं. माझा मुलगा रवींद्र कामासाठी हॅमिल्टनला गेला होता. सून सुनीती हॉस्पिटलात रात्रपाळीला. घरात मी आणि नात. नातीला आम्ही मनी म्हणतो. वय नऊ.

मी त्यांना गॅरेजमध्ये बसवलं. शटर अर्धं वर होतं. मनी पायरीवर बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती.

"तंबू नाही," मी म्हणालो.

"अहो काका, रवीदादाकडे चार माणसांचा आहे ना? फोटो बघितलेत आम्ही."

"होता. तिकडेच राहिला."

"कुठे?"

"तुम्ही कुठे निघालात?"

अभिषेकने फोन पुढे केला. वाइटाकीचं खोरं. चुनखडीच्या कपारी. त्यांत कोळशाने काढलेली माणसं, पक्षी, कुत्री. माओरी लोकांची शेकडो वर्षांपूर्वीची चित्रं. "सरकारी जागा आहे, काका. तंबू टाकायचा, रात्री तारे बघायचे. हीप्स ऑफ फोटो. रील एकदम भारी होईल."

मी चौथी शिकलो. साताऱ्यात चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, दारावरच्या. लोक सायकलवर बसवून न्यायला यायचे. एवढी नावं लिहिली, पण स्वतःचं नाव मी कुठल्या भिंतीवर लिहिलं नाही. नाव कुठे लिहावं याला अक्कल लागते. ती कॉलेजात देत नाहीत.

"माझ्या ओळखीचा एक माणूस तिथे गेला होता," मी सांगायला लागलो.

रवींद्रचीच गोष्ट. पण ती सांगताना मी नावं गाळतो, त्याला ओळखीचा माणूस म्हणतो. त्यात त्याची लायकी तेवढीच उरते.

हा माणूस पुण्यात इंजिनिअर झाला. दर रविवारी गडावर जायचा आणि बुरुजावर कोळशाने नाव लिहून यायचा. घरी येऊन आम्हाला फोटो दाखवायचा. मी एकदा कानाखाली दिली. त्यानंतर दाखवणं बंद झालं, लिहिणं नाही.

दोन हजार तेवीसची एकवीस जानेवारी. शनिवार. अमावस्या. बायको आणि सात वर्षांची मुलगी घेऊन तो त्या कपारीपाशी पोचला. सगळा मुलूख कोरडा. पिवळं गवत, उघडे डोंगर, मैलभर झाड नाही. वाटेत एक माओरी म्हातारा भेटला. कुंपण दुरुस्त करत होता. "किया ओरा," नमस्कार करत म्हणाला. चौकशी केली. मग एवढंच सांगितलं, की तंबू खाली नदीकडे टाका. कपारीत खाऊ नका. भिंतीला हात लावू नका. निघताना पाण्याने हात धुवा.

"हो हो, थँक यू," हा म्हणाला. म्हातारा गेल्यावर बायकोला म्हणतो, "यांचंही आपल्यासारखंच. सोवळं-ओवळं."

तंबू कपारीच्या तोंडाशी ठोकला. आत शेगडी लावून कणसं भाजली. मग शेगडीतला एक कोळसा घेतला. त्या जुन्या चित्रांच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत, मराठीत, तिघांची नावं लिहिली. आधी स्वतःचं. मग बायकोचं. मग मुलीचं.

"अहो, कुणी बघितलं तर?" बायको म्हणाली.

"बघू दे. इथे मराठी कोण वाचणार?"

अभिषेक हसला. "पॉइंट आहे त्याचा, काका."

"थांब," मी म्हणालो. "पॉइंट पुढे आहे."

जानेवारीत तिकडे दहापर्यंत संधिप्रकाश असतो. अकराला पूर्ण काळोख झाला. तिघं झोपली. सुनीतीला एक वाजून दहा मिनिटांनी जाग आली. तिने फोन बघितला, म्हणून वेळ नक्की आहे.

कपारीतून आवाज येत होता. माणसाचा. पण बोलण्याचा नाही. पहिलीतलं पोर अक्षर लावतं, तसा.

"र..."

बराच वेळ काही नाही.

"वीं..."

रवींद्रही जागा झाला होता. दोघांनी एकमेकांचा हात धरला. आवाज पुन्हा पहिल्यापासून लागला. या वेळी जरा सफाईने. मग अक्षरं जोडली गेली.

"रवींद्र."

हाक मारतात तसं. दोनदा.

आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. रात्री बाहेरून हाक आली तर ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. आपलं माणूस असेल तर तीनदा हाक मारतं. दुसरं काही असेल तर दोनदाच.

तिसरी हाक आली नाही.

रवींद्रने ओ दिली नाही. श्रद्धा म्हणून नव्हे. भीतीपोटी.

मग बायकोचं नाव. अक्षर अक्षर. मग जोडून. दोनदा. सुनीती वाईची. तिला आजीने शिकवलेलं. तिने पांघरुणाचं टोक दातात धरलं.

आणि मग दोघांनाही कळलं, भिंतीवर आता कुठलं नाव उरलंय.

मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी शिकवायला गेलो होतो. तेव्हा हा शहाणा मला म्हणाला होता, "बाबा, तिला घाबरवू नका. इथली मुलं असल्या गोष्टींत वाढत नाहीत."

"बाबा?" श्रिया मध्येच म्हणाली. तिने पायरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "काका, ओळखीचा माणूस म्हणजे..."

"ऐकायचं आहे की जायचं आहे?"

तिने खुर्ची पुढे ओढली.

आवाज आता अडखळत नव्हता. शिकला होता. मुलीचं नाव त्याने पहिल्याच फटक्यात घेतलं. गोड.

सुनीतीने मुलीच्या तोंडावर हात ठेवायला हात उचलला...

मुलगी झोपेतच म्हणाली, "आय ॲम हिअर."

संपलं.

त्यानंतर आवाज नाही. वारा नाही. काही नाही. दोघांनी पोरीला उचललं, अनवाणी पळाले, गाडीत बसले. तंबू, शेगडी, पायातल्या जॅन्डल्स, सगळं तिथेच. गाडी गावात पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली थांबवली. सुनीतीने मागे वळून मुलीला नावाने हाक मारली.

मुलगी जागी होती. खिडकीबाहेर बघत होती. वळली नाही.

पुन्हा हाक मारली. हलवलं. तेव्हा मुलगी म्हणाली, "दॅट्स नॉट मी, मम्मा."

सकाळी रवींद्र ओलं फडकं घेऊन एकटा परत गेला. पश्चात्ताप नाही. दंड होईल ही भीती. भिंतीवर त्याचं नाव होतं. बायकोचं होतं. खाली, तिसऱ्या ओळीच्या जागी, कोरा दगड. पुसल्याची खूण नाही. वर धूळ बसलेली. जुनी.

त्याने उरलेली दोन नावं पुसली. तंबूला हात न लावता निघून आला.

पुढे डॉक्टरांकडे खेटे झाले. कान तपासले. कान उत्तम. दुसरं काहीही म्हणा, पोरगी वळते. त्या एका नावाला नाही. मग मी तिला मनी म्हणायला लागलो. शाळेतही तेच सांगितलं. जुनं नाव घरात घ्यायचं नाही असं मी ठरवलं. या बाबतीत इंजिनिअरने वाद घातला नाही.

एवढं सांगून मी थांबलो. साडेदहा झाले होते. मनी पायरीवरच होती. शेंगदाणे संपले होते, आता डाळं वेचत होती.

श्रियाचा चेहरा उतरला होता. "आपण नको जाऊया, अभि," ती हळूच म्हणाली.

"अगं, काय तू पण!" अभिषेक उठला. "काका, गोष्ट स्वीट ॲज, एकदम मस्त. पण तंबू द्यायचा नसेल तर सरळ नाही म्हणायचं ना. आम्ही विकत घेऊ."

"घ्या."

"आणि हात लावू नका, खाऊ नका, ते सगळं कळलं. नाव तर मी लिहिणारच नाही. खूश?"

तो गाडीची किल्ली फिरवत गॅरेजमध्ये दोन पावलं चालला. भिंतीला खुंटी आहे. तिच्यावर मनीचं जुनं दप्तर लटकतं. पहिल्या शाळेचं. त्यावर तिचं नाव मीच रंगवलं होतं, लाल रंगात, काळी सावली देऊन. माझ्या हातचं शेवटचं काम. टाकवलं नाही.

अभिषेक दप्तरापाशी थांबला. मला त्याचा बेत कळला. उठलो. गुडघ्यांनी उशीर केला.

"अच्छा, हे होय ते नाव! छान आहे की." तो मनीकडे वळला. हसत, दोन्ही हात तोंडाशी धरून, मोठ्याने...

"ऋग्वेदा! ए ऋग्वेदा!"

मनीने मान वर केली नाही. डाळ्याचा एक दाणा उचलून तोंडात टाकला.

"बघा, खरंच वळत नाही," अभिषेक म्हणाला. त्याचं हसू थोडं कमी झालं.

श्रियाने त्याची बाही धरून ओढली.

शटर अर्धं वर होतं. त्याखालून ड्राइव्हवे दिसत होता, त्यांची गाडी दिसत होती. गाडीच्या पलीकडे काळोख.

तिकडून उत्तर आलं.

"आय ॲम हिअर."

मनीचाच आवाज. पण आताचा नाही. सात वर्षांची होती तेव्हाचा.