कप्तानाची राखण

एसी कमी कर रे सागर, घरघर नको. आणि विनीत, हसायचं असेल तर आत्ताच घरी जा. गुंडू माझ्या गावचा, इथे उम्म अल हस्सममध्ये माझ्याच खोलीत राहतो. उगाच कोणाचं नाव घेऊन मी थापा मारत नाही.

तुबलीत नजीबशेठचं सुतारकामाचं वर्कशॉप, गुंडू तिथे कामाला. गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या. गुंडूला एका गिऱ्हाइकाची जुनी सागवानी पेटी पॉलिश करून द्यायची होती, की पहाटेच्या विमानाने गावी. पूर्णिमाचं लग्न, त्याची एकुलती एक पोर.

पेटी विलायतेच्या राणीच्या काळातल्या एका गोऱ्या कप्तानाची. इथल्याच आखातात गलबतं पकडून जाळायचा. खलाशांना कधी सुट्टी दिली नाही मेल्याने. बायको तिकडे वाट बघून बघून मेली, तरी हा घरी गेला नाही. झाकणाच्या आत तिचं चित्र होतं, चेहरा नखाने खरवडलेला. हे सगळं सांगून नजीबशेठ घरी गेला.

गुंडू पडला कोकणातला. परक्याच्या वस्तूला हात लावायचा, तर गाऱ्हाणं नको? पावाचा तुकडा ठेवला, विडी पेटवून ठेवली. "बा म्हाराजा, ह्या पेटयेचो जो कोण धनी आसशीत, हयली राखण तुजी. तुज्या हुकमाशिवाय हयसून कायएक हलाक देव नको." चोराचिलटासाठी म्हणाला हो. आपल्या गावच्या राखणदार देवाला ते कळलं असतं. हा पडला लढाऊ जहाजावरचा, त्याच्या लेखी 'कायएक'मध्ये माणूसही आला.

काम झालं. गुंडूने बॅग उचलली, शटर ओढलं. हलेना. मागच्या दाराची कडीही हलेना, फोनही लागेना. मग डांबराचा वास आला. सुताराकडे डांबर कुठलं? आणि पोटमाळ्यावर बूट. टक… टक…

"कोण?"

बूट जिना उतरले. दिसत कोणी नव्हतं. विझलेली विडी लाल झाली. कोणीतरी झुरका घेतला.

"सायबा… पोरीचा लगीन आसा. सोड माका."

बूट थांबले. पाठीमागे. मानेवर गार श्वास. एक लांब शिट्टी, जहाजावर हुकूम देतात तशी… मग काही नाही.

सकाळी नजीबशेठने शटर एका हाताने वर केलं. विमान गेलेलं, लग्नाआधी पोचवणारं दुसरं नव्हतं. बॅगेला डांबरी दोर आवळलेला, गाठ सुटेना, शेवटी कापली. कन्यादान चुलत्याने केलं. गुंडूने ते फोनवर बघितलं. मला बघवेना त्याच्याकडे.

राखण सोडवायची तर पेटीसमोर उभं राहायला हवं, आणि गिऱ्हाईक पेटी घेऊन केव्हाच विलायतेला गेलं. आता पूर्णिमाचे बाळंतपणाचे दिवस भरलेत. गुंडूची लीव्ह मंजूर, तिकीट उद्याचं. काल आम्ही दोघांनी बॅग भरून खाटेखाली सरकवली. आज सकाळी मीच ओढली…

तसाच डांबरी दोर आवळलेला होता. हात लावला, तर ओला.

ही बघा माझी नखं. तीनदा साबण लावला.