रेडिएटरात गेलेली हळद

"हात लावू नका त्या टोपणाला!" कुणीतरी बांधावरून ओरडलं आणि नेमकं तेव्हाच आमच्या दत्तोबा ड्रायव्हरनं रेडिएटरचं टोपण फिरवलं.

फस्स… वाफेचा लोट उठला, उकळतं पाणी उडालं आणि "मेलो, मेलो" करत दत्तोबा कालव्याकडं पळाले. सणसरच्या अलीकडं, भर वैशाखात, बाभळीच्या टीचभर सावलीत आमची मोटार फुसफुसत उभी राहिली. गाडीत मी आणि ठमाआत्या. आणि माझ्या मांडीवर पितळेची वाटी – त्यात मानसिंगदादाची उष्टी हळद!

उष्टी हळद म्हणजे काय, हे आमच्या माळेगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हळद आधी नवऱ्या मुलाला लागते. उरलेली त्याची बहीण नवरीकडं घेऊन जाते. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. नवरी इंदापूरची, आणि तिचे चुलते आप्पासाहेब म्हणजे सुपारी फुटतानाच मानपानावरून उठून गेलेला माणूस. "हळद दुपारच्या आत आली न्हाय, तर लग्न मोडलं समजा," असा त्यांचा निरोप होता. दादाचं लग्न मी मांडीवर घेऊन बसले होते म्हणा ना!

तेवढ्यात तो ओरडणारा आला. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर हसू. हसू! माझा जीव टांगणीला आणि हा हसतोय.

"सांगितलं हुतं का न्हाय?" तो म्हणाला.

"सांगितलं कुठं? ओरडलात!"

"हळू बोललो असतो, तर मळ्यातनं ऐकू आलं असतं व्हय? मी महिपती. ह्यो काकडीचा मळा आमचाच. पाण्याचं इंजिन मी चालवतो, ट्रॅक्टर बी चालवतो."

"माझ्या दादाचं लग्न हाय. तुमचं कौतुक मागनं ऐकीन. आधी गाडीचं बघा!"

इंजिन जरा निवल्यावर तो वाकला, इकडंतिकडं चाचपून मोठ्या ऐटीत म्हणाला, "पाइप फुटलाय." मुंडाशाची चिंधी फाडून पाइपाला करकचून बांधली, आणि तांब्याभर पाणी ओतलं. थेंब चालूच!

मला राहवेना. "अहो, पाइप कोरडा ठणठणीत हाय. थेंब तिथनं पडतोय बघा… जाळीच्या खालच्या कोपऱ्यातनं."

त्यानं बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "व्हय की… चीर गेलीया. डोळे लई चांगले हायती तुमचे."

"डोळ्यांचं राहू द्या!"

"राहिलं. चूल पेटवल्यागत तापू नका. माझ्या इंजिनापाशी कळशी हाय, कालव्यावरनं पाणी आणा. तवर ही चीर मी बुजवतो."

वाटी मी मागच्या सीटवर ठेवली, वर केळीचं पान झाकलं, आणि आत्याला घेऊन गेले. कुठून बुद्धी सुचली देव जाणे!

भरली कळशी घेऊन परत आले तर… तो रेडिएटरात पिवळं पाणी ओतत होता. हातात आमची वाटी!

"थांबलं बघा!" तो लहान पोरासारखा ओरडला. "बारीक चिरीला हळदीसारखं औषध न्हाय. समदे ड्रायव्हर हेच करत्यात. बरं झालं तुमी जवळ बाळगली…"

"अरे देवा! ती उष्टी हळद हुती! माझ्या दादाची! इंदापुरात नवरी पाटावर बसलीया आणि तुमी इंजिनाला हळद लावता? इंजिनाचं लग्न हाय का तुमच्या?"

मी वाटी हिसकली, त्यानं ती सांडू नये म्हणून माझं मनगट धरलं. वाटी वाचली. कडेला चिकटलेली बोटभर हळदही वाचली. पण त्यानं हात सोडला नाही लगेच… आणि मीही ओढून घेतला नाही. का, ते तेव्हा मला विचारायची सोय नव्हती, इतकी मी भडकले होते.

"हौसे!" आत्या किंचाळली. "अगं त्याचे हात बघ! गालाला बी फासलीया त्यानं. आणि तीच तुझ्या मनगटाला… म्हंजी त्याची उष्टी हळद तुला लागली की गं!"

मी कालव्यावर जाऊन मनगट खसाखसा घासलं. हळद ती, जाते होय?

दत्तोबांचा हात भाजलेला, म्हणून गाडी महिपतीच चालवायला बसला. दर मैलागणिक थांबून चीर बघायचा, पाणी ओतायचा, आणि आरशातून माझ्याकडं बघायचा.

"अजून रागावलाय?"

"पुढं बघून चालवा."

"पुढं बघतोय की… पर पुढं आरसा हाय."

आत्या खोकली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मेलं हसू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

इंदापुरात मांडवाच्या दारातच आप्पासाहेब उभे. वाटीत बघितलं आणि कडाडले, "ही हळद? एवढुशी? थट्टा मांडलीय का आमची? फिरवा गाडी माघारी!"

तेवढ्यात महिपती पुढं झाला. "चूक माझी हाय. मला ठाऊक न्हवतं, मी गाडीत घातली. काय बोलायचं ते मला बोला, त्यांचं लग्न मोडू नका."

"तू कोण रं टिकोजीराव? चालता हो हितनं!" म्हणत त्यांनी त्याला छातीवर धक्का दिला.

मग मात्र माझं टाळकं फिरलं. वाटभर मी त्याला बोलले होते, तो माझा हक्क! ह्यांना कुणी दिला?

"आप्पासाहेब, हात लावू नका त्यांना! ती हळद गाडीत गेली म्हणून ही बोटभर तरी हितं पोचली, न्हायतर आमी अजून सणसरला बसलो असतो. आणि उष्ट्या हळदीला काय मापटं लागतं? दादाच्या अंगाची हाय, तुमच्या हळदीत मिसळा. लग्न हळदीशी लावताय का माझ्या भावाशी?"

मग नवरीची आई, द्वारकाबाई, पुढं आली आणि माझ्या हातातली वाटी घेतली. "पोरगी खरं बोलती, भावजी. पाट मांडा." घरधनीणच बोलल्यावर आप्पासाहेब मिशी चावत बाजूला झाले.

लग्न झालं. महिपती जेवायलाही थांबला नाही. मी पंगतीत त्याला शोधत होते… कशाला, कोण जाणे!

त्यानंतर ना निरोप, ना सांगावा. मनगटावरची हळद कधीच उडाली होती. मी मात्र घरात भांडी आपटत होते.

ज्येष्ठ सरता सरता तो माळेगावात आमच्या दारात उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, हातात नवी कोरी पितळेची वाटी, काठोकाठ हळदीनं भरलेली.

"तुमची हळद… परत द्यायला आलो," तो चाचरत म्हणाला.

"इतके दिवस सुचलं न्हाय ते? आणि ही काय, कोरडी? कोरडी हळद आमच्या घरात पोत्यानं हाय. घेऊन जा माघारी!"

त्याचा चेहरा उतरला. तो वळला. त्याला थांबवायचं होतं, पण राग काही तोंडावरून हटेना.

"अहो, चाललात कुठं? ऐकून तर घ्या! ही हळद आधी स्वतःला लावा. चांगली, चार माणसांत, पाटावर बसून. उरंल ती… माझ्याकडं पाठवा."

तो माघारी फिरला. "म्हंजी…?"

"म्हंजी काय म्हंजी! रेडिएटरची चीर कळती, एवढं कळत न्हाय व्हय?" माझे डोळे भरून आले होते आणि मी तरीही त्याच्यावर ओरडत होते. "आणि पाठवाल तवा मोटारीनं पाठवू नका. बैलगाडी जुंपा!"