धूसर दिसणारा कॅमेरा

औरंगपुऱ्यातल्या त्या फोटो स्टुडिओचं शटर अर्धवट उघडं होतं आणि बाहेरचा जमाव एका माणसाचा जीव मागत होता. सहायक निरीक्षक सुलेखा वाकून आत शिरली. हवालदार रामकिसननं शटर खाली ओढून घेतलं.

स्टुडिओचा मालक बद्रीनाथ पालथा पडला होता. ट्रायपॉडनं त्याचं डोकं मागून इतकं ठेचलं होतं की सुलेखाला क्षणभर भिंतीकडे बघावं लागलं. या माणसानं सकाळीच तिला फोन केला होता. गेल्या आठवड्यात प्लॉटच्या वादात म्हाताऱ्या दगडाबाईला लोखंडी गजानं मारून कोणी मरणाच्या दारात टाकलं, त्याचा फोटो आपल्याकडे आहे, दुपारी घेऊन येतो, म्हणाला होता. नाव विचारलं तर म्हणाला, "तोंडानं नाय घेवत मॅडम, फोटोच बघा." दुपारी तो आलाच नाही.

कोपऱ्यात तौफिक पडला होता, बद्रीनाथचा जुना भागीदार. प्रेत उचलताना त्याचे हात रक्तानं माखले, लोकांनी तेवढंच पाहिलं आणि निकाल लावून टाकला. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता, उजवा हात कोपरातून भलतीकडेच वळला होता. मारण्यात सगळ्यांत पुढे होता बद्रीनाथचा मेहुणा शिवराज, ज्याच्यासाठी सध्या मुली बघणं चाललं होतं. त्याचा सदरा रक्तानं भिजला होता आणि राग अजून उतरला नव्हता. त्याची बहीण अपेक्षा, बद्रीनाथची बायको, डोळे कोरडे ठेवून बसली होती. तिनंही तौफिकच्या तोंडावर चप्पल मारली होती.

"मॅडम, ह्याला बाहेर द्या," शिवराज म्हणाला. "आम्ही बघतो."

सुलेखानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती तौफिकजवळ बसली.

"कुठं होतास?"

"क्रांती चौकात. लाइटचा बल्ब आणाया गेलतो. आलो तं भैया असे."

तिनं फरशीवर पडलेल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "आज हा कॅमेरा कोणी वापरला?"

"भैयानंच. सकाळी बारशाचे फोटो काढले. डोळा लावूनच काढायचे ते."

मग ती शिवराजकडे वळली. तो म्हणाला, आरडाओरडा ऐकून धावत आलो, त्याआधी आठवडाभर इकडं पाय ठेवला नव्हता, आणि कॅमेऱ्यातलं मला काय कळतंय. बोलता बोलता त्याचा मोबाइल वाजला. नाव वाचायला त्यानं तो पार नाकापाशी नेला आणि बंद केला.

कॅमेरा प्रेताशेजारीच होता. झटापटीत मागचा स्क्रीन फुटून काळा पडला होता. कार्ड मात्र आत होतं. सुलेखानं हातमोजे घालून ते कॉम्प्युटरवर पाहिलं. बारशाचे फोटो होते, दगडाबाईचा एकही नव्हता. कार्ड तिनं पाकिटात बंद केलं.

मग तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. सगळं धुकंच धुकं. पडून लेन्स हलली असेल, तिला वाटलं. पण कोपऱ्यातले आकडेही धूसर होते, आणि ते काही लेन्समधून येत नाहीत. दुसरं कार्ड घालून तिनं भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो घेतला. कॉम्प्युटरवर तो लख्ख आला. म्हणजे लेन्सला काही झालं नव्हतं, दोष होता तो डोळा लावायच्या खिडकीत. वैतागून तिनं आपला चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा पाहिलं.

या वेळी कोपऱ्यातले आकडे लख्ख वाचता आले. बाहेर शटरवर दगड आपटला.

"बद्रीनाथला चष्मा होता?" तिनं अपेक्षाला विचारलं.

"नाय. नजर लई चांगली व्हती त्यांची."

पंचनाम्यासाठी शेजारचे बांगडीवाले कमरोद्दीनचाचा आले होते. कॅमेऱ्याची अवस्था लिहायची आहे, बघून सांगा, असं म्हणत सुलेखानं एकेकाला पडद्यामागं नेलं. कमरोद्दीनचाचांना अंधुक दिसलं. रामकिसनला धूसर दिसलं. अपेक्षालाही, आणि एका डोळ्यानं बघणाऱ्या तौफिकलाही. शेवटी शिवराज आला.

"बिघडलाय ना?"

"कुठं काय? साफ दिसतंय की. आकडेबी वाचता येतेत."

"चष्मा कुठं ठेवलात, शिवराज?"

शिवराजचा हात खिशाकडे गेला. त्यानं लाइटचा लोखंडी स्टँड उपटून तिच्या डोक्यावर घातला. ती बाजूला झाली तरी कान फाटून रक्त मानेवर आलं. रामकिसननं त्याला कमरेत धरून फरशीवर आपटलं, तेव्हा त्याच्या खिशातून चष्मा बाहेर पडला.

सुलेखानं कानावर रुमाल दाबला. बोलली ती शांतपणे.

"दगडाबाईला तुम्ही मारलंत. बद्रीनाथनं बायकोचा भाऊ म्हणून आधी तुम्हाला सांगितलं, स्वतःहून हजर व्हा. तुम्ही ट्रायपॉड उचललात. मग फोटो पुसायचा होता, पण स्क्रीन फुटलेला. या कॅमेऱ्यात काढलेले फोटो डोळा लावायच्या खिडकीतही दिसतात, आता तेवढाच मार्ग होता. चष्मा तुम्ही चारचौघांत घालत नाही, पोरी बघणं चाललंय ना. झटापटीत हाताशी आला नसेल, घाईही होती. खिडकीशेजारी छोटी चकती असते, ती आपल्या नंबराप्रमाणं फिरवली की दिसतं. तुम्ही फिरवलीत, फोटो पुसलात आणि चकती तशीच राहिली. तुमच्यामाझ्यासारख्या लांबचं न दिसणाऱ्याला साफ, बाकीच्यांना धूसर."

"मग कार्डच नेलं असतं की मी," तो फरशीवरून म्हणाला.

"नेलं असतं तर खून फोटोसाठी झाला हे लगेच कळलं असतं. तौफिकवर ढकलता आलं नसतं. आणि सदऱ्यावर बद्रीनाथचं रक्त होतं. ते लपवायला तुम्हाला दुसऱ्या कुणाचं तरी रक्त पाहिजे होतं, म्हणून तुम्ही मारायला सगळ्यांत पुढं. सदरा तपासणीला जाईल. पुसलेला फोटोही कार्डावरून परत काढता येतो."

पडदा बाजूला झाला. अपेक्षा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"ताई," शिवराज म्हणाला. "सांभाळून घे. मी तुझा एकटाच भाऊ."

अपेक्षानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती तौफिकपाशी गेली आणि त्याचा धड हात आपल्या खांद्यावर घेतला. रामकिसन म्हणाला, थांबा बाई, बाहेर लोक खवळलेत, याला पाहिलं तर फाडून खातील.

"शटर उघडा," ती म्हणाली. "म्या पुढं चालते."