चारशे ओल्या चिठ्ठ्या

"संध्याकाळच्या आत खरं बाहेर आलं नाही, तर मला नोकरीवरून काढणार आहेत," सहायिका म्हणाली. "आणि चिठ्ठ्या मी भिजवलेल्या नाहीत."

शब्दकोशाच्या कचेरीत टेबलावर एक खण काढून ठेवला होता. 'हार्ड' या इंग्रजी विशेषणाच्या चारशे चिठ्ठ्या, प्रत्येकीवर वापराचं एकेक वाक्य. आता त्यांचा ओला ठोकळा झाला होता. शाई वाहून गेली होती.

गुप्तहेर वहिनींनी संपादकांच्या हाती आपलं कार्ड दिलं. ते त्यांच्या हातात कोरी बाजू वर येऊन पडलं. संपादकांनी ते निरखलं.

"नाव वाचल्यासारखं वाटतं कुठेतरी. बसा. चोर समोरच उभा आहे."

"तुमचं हिच्याशी भांडण कशावरून?" भावजींनी विचारलं. हे वहिनींचे धाकटे दीर. पिशवी धरायला आणि चुकीचा अंदाज बांधायला नेहमी सोबत.

"क्रमावरून," संपादक म्हणाले. "'हार्ड' म्हणजे आधी टणक, दगडासारखं. अवघड, कष्टाचं, निर्दय, हे सगळं त्यातून निघालं. मूळ अर्थ पहिला!"

"लोक 'पेपर हार्ड होता' म्हणतात," सहायिका फणकारली. "रोजचा अर्थ पहिला. काल दुपारभर बसून मी तसाच क्रम लावला."

"आणि ही गेल्यावर मी तो मोडला. आज पान छापखान्यात जायचं होतं. एकट्याने बसून सगळ्या चिठ्ठ्या माझ्या क्रमाने लावल्या. सकाळी हिने पाहिलं आणि ओतलं पाणी!"

"कुलूप हिनेच उघडलं," संपादकांचा पुतण्या म्हणाला. "मी पाठोपाठ जिना चढलो, तर खण ओलाचिंब. काका, हिला डोक्यावर बसवू नका म्हणून केव्हाचा सांगतोय."

"तू गप्प बस. तुला एक शब्द धड लावता येत नाही."

वहिनी सुरीच्या टोकाने चिठ्ठ्या सोडवत होत्या. "कोपऱ्यात पेन्सिलीने कुणी लिहिलंय?"

"मी," सहायिका म्हणाली. "त्या चिठ्ठीतला अर्थ."

पेन्सिल पाण्याला दाद देत नाही. वहिनी वाचत गेल्या. वर अवघड, अवघड, मग कष्टाचं. टणक पार तळाशी.

"क्रम हिचा! म्हणजे हिनेच," भावजी म्हणाले.

"भावजी, एवढ्या चिठ्ठ्या पुन्हा लावायला अर्धा दिवस जातो. हिच्या पाठोपाठ माणूस जिना चढत होता. आणि आपला क्रम परत लावून तोच कोण बुडवेल? चिठ्ठ्या भिजल्या तेव्हा हिचा क्रम मोडलेलाच नव्हता. मोडला म्हणणारा माणूस एकच आहे."

"काका कशाला खोटं बोलतील?" पुतण्या उसळला.

"यांनी माझं नाव कार्डाच्या कोऱ्या बाजूवर वाचलं. यांना अक्षर दिसत नाही. काल चिठ्ठ्या लावायला बसले आणि एकही वाचता येईना. कुणाला वाचायला सांगावं तर डोळे गेल्याचं कळणार, खुर्ची जाणार. चिठ्ठ्याच संपवल्या की लावायचा प्रश्न मिटला. आळ घ्यायला ही होतीच."

पुतण्याने काकांकडे पाहिलं, मग त्यांच्या खुर्चीकडे.

संपादकांनी घसा खाकरला. "तरी क्रम माझाच बरोबर आहे."

सहायिकेने ओला ठोकळा उचलून त्यांच्यासमोर आपटला.

"मग लावून दाखवा."