आईच्या थडग्यातली जनावरं

पटत नसेल तर सोडून द्या, पण थाप म्हणू नका. यातला शेवटचा प्रसंग घडला तेव्हा शवपेटीचा बांबू माझ्या स्वतःच्या खांद्यावर होता. आधीचं सगळं गनशंगने मला सांगितलं. भर दुपारी, दारूला हात न लावता, आणि एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा एका शब्दाचा फरक नव्हता.

गाव आमचं, दांग वस्ती. शान्शी प्रांतात, वेई नदीच्या उत्तरेला, पिवळ्या मातीच्या पठारावर.

साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. आमच्या चांद्र पंचांगातल्या बाराव्या महिन्याची आठवी तिथी.

वेळ दुपारची.

हो, दुपारचीच. भुताखेतांना अंधार लागतो असं ज्याला वाटतं, त्याने आमच्याकडे येऊन महिनाभर राहावं.

गनशंग माझा चुलतभाऊ. तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. हात सोन्याचे, पण डोकं उतावळं. तो मातीची जनावरं करायचा. दोन हजार वर्षांपूर्वी लोक आपल्या मेलेल्यांबरोबर अशी जनावरं पुरायचे. डुकरीण, कुत्रा, बकरी, कोंबड्या... पलीकडच्या घरी माणसाला कशाची उणीव पडू नये म्हणून. आमच्या शेतात नांगर जरा खोल गेला की बटाटे निघावेत तशी ती निघतात. गनशंग साच्यातून त्यांच्या नकला काढायचा, घरच्या भट्टीत भाजायचा आणि प्रवाशांच्या दुकानांना विकायचा. नक्कल म्हणूनच विकायचा. त्यात काही पाप नव्हतं.

मग शिआन शहरातून फू आला.

फू जुन्या वस्तूंचा दलाल. त्याने गनशंगची डुकरीण उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, माल झकास आहे, फक्त फार तरुण आहे, जरा म्हातारा करून दे. गनशंगने चहाच्या पाण्यात बुडवून पाहिलं, खताच्या खड्ड्यात पुरून पाहिलं. फूने नाकाला लावून परत केलं. "याला गोठ्याचा वास येतोय," तो म्हणाला. "थडग्याचा यायला हवा."

थडग्याचा वास...

आणि गनशंगकडे एक थडगं होतं.

त्याच्या आईचं.

गैरसमज नको. आई ठणठणीत जिवंत होती. पण आमच्याकडे आईबापाचं थडगं ते हयात असतानाच बांधून ठेवणं हे गुणी मुलाचं लक्षण समजतात. आयुष्य वाढतं म्हणतात त्याने. गनशंगने दोन वर्षांपूर्वी शेताच्या टोकाला पक्क्या विटांचं, कमानीचं थडगं बांधलं होतं. म्हातारीला त्याचा कोण अभिमान! "माझ्या मुलाने मला विटांचं घर बांधलंय," ती गल्लीतल्या बायकांना ऐकवायची, "तुमच्या पोरांनी काय, सिगारेटी ओढल्या?" शवपेटीही आणून ठेवलेली, बाजूच्या खोलीत. सणासुदीला ती स्वतः फडक्याने पुसून लख्ख करायची.

पण एक नियम होता. अशा थडग्याचं तोंड विटांनी बंद करतात. ते उघडायचं एकदाच. मालक आत जायचा त्या दिवशी.

गनशंगला हे ठाऊक होतं. लहान पोरालाही ठाऊक असतं.

तरी दहाव्या महिन्यातल्या एका धुक्याच्या सकाळी त्याने ते उघडलं.

आठ जनावरं आत नेली. एक डुकरीण, एक कुत्रा, एक बकरी, चार कोंबड्या, एक कोंबडा. तोंडं मागच्या भिंतीकडे करून नीट ओळीत मांडली. डुकरीण आत सरकवताना तिचा डावा कान विटेला लागला आणि टवका उडाला. त्याने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या, तोंड पुन्हा लिंपलं आणि घरी आला. कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

आई त्या वर्षी त्र्याहत्तरची होती. आमच्यात म्हण आहे, त्र्याहत्तर नि चौऱ्याऐंशी, यमाने बोलावलं नाही तरी माणूस आपण होऊन जातो. म्हणून वर्षभर तिला लाल कमरपट्टा बांधला होता, वाढदिवसाला अख्खा मासा खाऊ घातला होता. दोनच महिने उरले होते. तेवढे निभावले की सुटली, असं सगळे म्हणत होते.

आठवड्याभरात पहिली खूण दिसली.

च्याओलिंग, म्हणजे गनशंगची बायको, पहाटे उठली तर सासूबाई चुलीपाशी बसून घमेल्यात कोंडा कालवत होत्या.

त्या घरात सहा वर्षांत डुक्कर नव्हतं.

च्याओलिंगला आधी हसूच आलं. म्हातारपणी जुनी सवय उफाळली असेल, तिला वाटलं. पण म्हातारी घमेलं उचलून फाटकाबाहेर गेली आणि तासाभराने परत आली. घमेलं रिकामं. कडा चाटून पुसल्यासारख्या.

"कुणाला घातलंत, आई?"

"आपल्याच जनावरांना."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. मग तिचं स्वतःचं जेवण कमी झालं. वाडग्यातल्या शेवया दोन घास खायची आणि बाकीच्या बाजूला काढून ठेवायची. म्हणायची, ती उपाशी आहेत, कुणीतरी आणून ठेवली नि विसरून गेला.

घरचा कुत्रा एरवी तिची पाठ सोडत नसे. आता ती फाटकाबाहेर पडली की तो भट्टीमागे जाऊन बसायचा... आणि ती परत येईपर्यंत चूं की चां करायचा नाही.

महिन्याभरात म्हातारीच्या अंगावर मांस उरलं नाही.

गनशंगची झोप उडाली. मनात कुठेतरी काटा सलत होता, पण तो त्याकडे बघायलाच तयार नव्हता. त्याने आईला पाठीवर घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही, वय झालंय. दुसऱ्याने ताकदीची औषधं दिली. तिसऱ्याने जिनसेंगचा काढा लिहून दिला. गनशंग स्वतः चमच्याने पाजायचा आणि ती लहान मुलासारखी तोंड फिरवायची. एकदा तर त्याने तिचे पाय धरले. "आई, माझ्यासाठी चार घास खा गं." ती नुसती त्याचे केस कुरवाळत राहिली.

शेवटी शेवटी तिचं चालणं थांबलं. खालून विस्तव घालून तापवलेल्या विटांच्या ओट्यावर पडून असायची. कोंडा कालवायला उठणं तर शक्यच नव्हतं.

पण घमेलं रोज सकाळी ओलं असायचं.

मग ती आठवी तिथी उजाडली. त्या दिवशी आमच्याकडे सणाची पेज करतात आणि मुक्या जनावरांनाही तिचा घास देतात. च्याओलिंगने वाडगा आणला. आईने डोळे उघडले, आज कितीतरी दिवसांनी तरतरीत दिसत होती.

"आधी डुकरिणीला दे," ती म्हणाली. "बिचारीचा डावा कान तुटलाय. बाकीची तिला पुढे येऊ देत नाहीत."

गनशंग दारात उभा होता.

कानाचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"घर छान आहे रे," आई छताकडे बघत म्हणाली. "सगळं मांडून ठेवलंय. नुसतं माणूस नाही."

तो पळत सुटला. कोट घातला नाही, टोपी घेतली नाही. जुनी हातगाडी ओढत शेताच्या टोकाला पोहोचला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. थडग्याचं तोंड जसंच्या तसं होतं. लिंपणावर त्याच्याच बोटांचे ठसे, वाळून टणक झालेले. एक वीट हललेली नव्हती. त्याला जरा धीर आला.

त्याने कान लावला.

आत... कोंबडीने पंख झटकावेत तसा आवाज झाला.

मग शांत.

त्याने कुदळीने विटा काढल्या. पहिली वीट निघताच उजेड आत पडला आणि त्याचे हात थबकले. त्याने जनावरं भिंतीकडे तोंडं करून, पार मागे ठेवली होती. ती आता तिथे नव्हती. आठही जणं दाराशी येऊन उभी होती. तोंडं बाहेर. त्याच्याकडे.

प्रत्येकापुढे कोंड्याचा एकेक गोळा होता.

बाहेर पाणी गोठत होतं, आणि त्या कोंड्यातून वाफ निघत होती.

दुसरा कुणी असता तर तिथून पळाला असता. गनशंग पळाला नाही, कारण घरी आई मरत होती. त्याने दातावर दात रोवून एकेक जनावर बाहेर काढलं, गाडीत घातलं आणि धावत घरी आणलं. ती नकोत तिथे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. घर मोडलं की मालकीण जाणार नाही.

फाटकाशी च्याओलिंग उभी. गाडी बघून तिने तोंडावर हात ठेवला. त्याने धापा टाकत दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ती रागाने लाल झाली, मग पांढरी पडली.

"ही घरात आणायची नाहीत, बाओलिनचे बाबा," ती म्हणाली. बाओलिन त्यांचा मुलगा, तालुक्याला शिकत होता.

"घरात नाहीच आणत. इथेच संपवतो."

त्याने डुकरीण उचलली. फाटकाबाहेरच्या दगडापाशी आला. रस्त्याकडे तोंड केलं. दोन्ही हातांनी ती डोक्यावर धरली.

च्याओलिंगने ते पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. ती पुढे धावली. "थांबा, असं नका—"

डुकरीण दगडावर आपटली आणि तिचे शंभर तुकडे झाले.

सगळं शांत झालं. गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा.

आता हे आमच्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगतो. आमच्यात प्रेत घरातून निघतं तेव्हा थोरला मुलगा फाटकाबाहेर उभा राहतो. रस्त्याकडे तोंड करून. मातीची कुंडी दोन्ही हातांनी डोक्यावर धरतो आणि दगडावर आपटतो. एकदाच. ती फुटली की पेटी उचलतात. ती फुटली की गेलेल्याला निरोप मिळाला.

गनशंगला ते कळायला एक क्षण लागला. तोवर मागे पावलं वाजली होती.

चार दिवस कूस बदलू न शकणारी आई दारात उभी होती. केस विंचरलेले. अंगात तो निळा रेशमी पोशाख, शेवटच्या दिवसासाठी पेटीत घडी घालून ठेवलेला. तिने खाली पडलेल्या तुकड्यांकडे पाहिलं. चेहऱ्यावर असं समाधान, की गनशंगला ओरडावंसं वाटलं.

"एका घावात फोडलंस," ती म्हणाली. "गुणाचं माझं पोर. भल्याभल्यांचा हात अडखळतो."

"आई, ती कुंडी नव्हती गं. ती डुकरीण होती. नुसती डुकरीण."

"मातीचीच ना?"

त्याने पायाशी पडलेला तुटका कान उचलून मुठीत धरला.

"घर तर कधीचंच मांडून झालं होतं," ती म्हणाली. "तूच निरोप देत नव्हतास, म्हणून अडून होते." तिने त्याच्या गालावर हात ठेवला. हात गरम होता. "येते मी."

ती आत गेली आणि ओट्यावर आडवी झाली. गनशंग तिच्या उशाशी बसून तिला हाका मारत राहिला, शपथा घालत राहिला, देवाला नि यमाला दोघांनाही विनवत राहिला की माझी वर्षं घ्या. दिवेलागणीच्या आत ती गेली. झोपेतच.

उरलेली सात जनावरं फोडायची हिंमत कुणाला झाली नाही. ती रातोरात परत तिच्या थडग्यात ठेवली. फू आला तेव्हा च्याओलिंगने त्याला फाटकातूनच हाकललं.

तिसऱ्या दिवशी अंत्ययात्रा. आम्ही सोळा जण बांबूला लागलो होतो. श्वे आजोबा, म्हणजे आमच्या गावात लग्न असो की मर्तिक, सगळं ज्यांच्या शब्दाने होतं ते, त्यांनी गनशंगच्या हातात कुंडी दिली. साधी भाजलेली मातीची, पातळ, बाजारात मिळते ती. त्याने ती डोक्यावर धरली आणि जीव खाऊन आपटली.

ठक्क.

कुंडी दगडावरून उडाली, गरगर फिरली आणि उभी राहिली. अख्खी.

साधा चरासुद्धा नाही.

सनई थांबली. बायकांचं रडणं थांबलं. माझ्या सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात असं कधी पाहिलं नाही, त्याआधी नाही की त्यानंतर नाही. श्वे आजोबा कासावीस झाले. दुसऱ्यांदा टाकता येत नाही, आणि फुटल्याशिवाय पेटी उचलता येत नाही. ते गनशंगच्या जवळ गेले. "काय रे हे? आता करायचं काय?"

गनशंग कुंडीकडे बघत होता. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"माझी फोडून झालीय, आजोबा."

"कधी?"

"ती जिवंत होती तेव्हा."

आजोबांनी 'उचला' म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द यायच्या आत बांबू माझ्या खांद्यावरून आपोआप वर गेला. आम्ही उचलला नव्हता. सोळांतल्या कुणालाही विचारा. आम्ही फक्त त्याच्या मागे चालत गेलो.

गनशंग आता छपरांची कौलं करतो. जनावरांचे साचे त्याने विहिरीत टाकले. लोक अजून त्याचं नाव घेऊन आपल्या मुलांना सांगतात, आईची सेवा करावी तर गनशंगसारखी, आणि तो मान खाली घालून उठून जातो. मला एकदा म्हणाला, "ती शिव्या देऊन गेली असती तर मी जगलो असतो रे."

ती कुंडी त्याच्या भट्टीच्या फळीवर आहे. फेकून देता येत नाही आणि फोडायचं नाव कुणी काढत नाही. बाओलिनला मात्र त्याने बजावून ठेवलंय, माझ्या वेळी बाजारातून नवी आण. बाओलिन हो म्हणतो. मागच्या महिन्यात बाओलिनने बापासाठी शेताच्या टोकाला थडग्याच्या विटा उतरवल्या. गुणी मुलगा आहे. गनशंगने त्याच्याशी बोलणं टाकलंय.