थांबायचा ठोका

"डाव्या हातानं जेवून राहिले, अन् वरून म्हन्तेत मीठ कमी आहे," शेवंता पुटपुटली. दुर्गजवळ मरोद्याच्या आमच्या वस्तीत दोन घरांमध्ये फक्त एक चटई असायची, त्यामुळे शेजारची कुरकुर थेट माझ्या चुलीपर्यंत यायची. "दुसरी असती तं मिठाची बरणीच पुढ्यात आपटली असती."

"आपट," तिचा नवरा चंपत म्हणाला. "पन उचलाले मले एकच हात आहे."

मला बरं वाटलं. ज्या घरात अजून मिठावरून भांडण होतं, ते घर हरलेलं नसतं.

सन अठ्ठावन्नची संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. नव्या पोलाद कारखान्यात भट्टीच्या बाजूला एका ठेकेदाराचं पायव्याचं काम चाललं होतं. तिथं काँक्रीटची डोल, म्हणजे भली मोठी लोखंडी बादली, खाली येताना चंपतचा उजवा हात चेचला आणि बोटं गेली. त्याचा अर्ज मीच लिहिला. माझे वडील नागपूरच्या कोर्टात चपराशी होते. तिथल्या रद्दीतल्या कायद्याच्या पुस्तकांवर मी वाचायला शिकले. शाळा चौथीपर्यंतच. वस्तीत मला 'वकीलबाई सिंधुताई' म्हणत, निम्मं थट्टेनं. उरलेलं निम्मं मी ठेवून घेतलं होतं.

"कायदा आपला आहे," मी चंपतला सांगितलं. "कामावर असताना, कामामुळं लागलं, तर भरपाई मिळते. ठेकेदार पळाला तर ज्यानं त्याला काम दिलं त्याच्याकडून मागता येते. अन् ठेकेदाराचा मुनशी कोऱ्या कागदावर अंगठा मागायला आला तर देऊ नको. तशी तडजोड भरपाईच्या कमिशनरसमोर टिकत नाही."

"अंगठा हाये कुठं?" चंपत म्हणाला.

ठेकेदाराचं उत्तर आलं, ते मात्र हुशारीचं होतं. त्याचं म्हणणं, थांबायचा ठोका वाजला होता, सगळे मागे सरले, चंपतनं मुद्दाम हुकूम मोडून हात आत घातला. सुरक्षेचा हुकूम जाणूनबुजून मोडला असेल तर भरपाई बुडते, हेही माझ्याच पुस्तकात होतं.

हा ठोका काय, ते सांगते. डोल वरखाली करणारी विंच चालवणाऱ्या केवलरामला मातीच्या ढिगाऱ्यामुळं खड्डा दिसत नसे. म्हणून खड्ड्याच्या काठावर रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि त्याच्याजवळ हातोडा घेऊन एक माणूस उभा असे. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे उचल, तीन म्हणजे सोड. हे काम देवाजीचं होतं. पण देवाजी दिवाळीआधीच, एका मोठ्या पायव्याच्या ढलाईनंतर, म्हणजे काँक्रीट ओतून झाल्यावर, दिसेनासा झाला. मुनशी म्हणाला, गावी पळाला. ठेकेदारानं त्याच्या जागी कोणाला ठेवलंच नाही.

म्हणजे माझं काम सोपं होतं. हातोड्यापाशी माणूसच नव्हता तर ठोका कसला, आणि ठोका नाही तर हुकूम कुठला मोडला? टोळीतल्या कोणीही एवढंच सांगायचं होतं, की त्या दिवशी तिथं कोणी नव्हतं.

मी केवलरामला विचारलं. तो बिडी विझवून पुन्हा पेटवत बसला.

"ठोका तं आला, बाई."

"कोणी दिला?"

"मी आयकला, ब्रेक मारला. नाही तं डोल चंपतच्या डोक्यावरच आली असती." मग त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमच्याकडे चाय झाला का?"

चहा प्यायला आणि निघून गेला. टोळीतली रुक्मा, गुलाब, म्हातारा चिंधू, सगळ्यांचं तेच. ठोका आला. कसा आला? आखूड आला. यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. कोणीही रुळावर हातोडा मारला की रूळ बराच वेळ घुमत राहायचा. देवाजी मात्र ठोका देऊन लगेच दुसरा हात रुळावर ठेवायचा. त्याचा आवाज जन्मतःच दाबल्यासारखा यायचा.

"म्हणजे देवाजीच आला होता परत?" मी विचारलं.

चिंधूनं पागोटं सोडून पुन्हा बांधायला घेतलं.

आम्ही दीड वर्षापूर्वी नागपुरात दीक्षा घेतलेली माणसं. भूतखेत, अंगात येणं, सगळं तिथंच सोडून आलो होतो. मी ठरवलं, आपल्या डोळ्यांनी बघून यायचं.

जेवणाच्या सुट्टीत कामाच्या जागी गेले. मशिनी बंद होत्या. माणसं भिंतींच्या सावलीला भाकरी सोडत होती. दिवाळीआधी ढाललेल्या त्या मोठ्या पायव्यावर एकटी मथुरा बसली होती, देवाजीची बायको. ती त्याच टोळीत घमेली उचलायची. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. तिनं भाकरीचे दोन भाग केले. एक फडक्यावर ठेवला, एक स्वतः खाऊ लागली.

मी शेजारी बसले. "मथुरा, देवाजीचं काही कळलं?"

"गावाले गेले ना ते."

"गावचा नरहरी आला होता मागच्या बाजारात. म्हणाला, देवाजी तिकडं आलाच नाही."

ती चावत राहिली. मी हळू आवाजात सांगितलं, कामावर माणूस गेला तर त्याच्या बायकोचाही हक्क असतो, आणि तिथं हुकूम मोडल्याची सबबसुद्धा चालत नाही. फक्त माणूस गेला, हे कोणीतरी सांगावं लागतं.

"मंग राहू द्या," ती म्हणाली आणि बांगड्या मागे सारल्या.

मी टेकायला हात खाली ठेवला. काँक्रीट गरम होतं. ऊन कोवळं होतं, आणि आम्ही बसलो होतो तिथं तर सावली होती. काँक्रीट आतून बरेच दिवस गरम राहतं, असं मी कोणाकडून तरी ऐकलं होतं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत राहतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात ठोका आला.

एकच. आखूड. मी समोर बघितलं. रूळ स्थिर होता, हातोडा तारेला लटकत होता, जवळ कोणी नव्हतं. आवाज तिकडून आलाही नव्हता. तो माझ्या तळहाताला आधी कळला आणि कानाला नंतर.

सावलीत जेवणाऱ्या सगळ्यांचे हात घास तोंडाशी नेता नेता थांबले. मग हळूहळू पुन्हा चालू लागले. कोणी वर बघितलं नाही.

"लोखंड असतं आत," मी म्हणाले. "उन्हानं तडतडतं."

"हो," मथुरा म्हणाली.

दुर्गला सुनावणी झाली. कमिशनर साहेब मूळचे नागपूरचे, त्यांनी मला बोलायची परवानगी दिली. मी माझा मुद्दा नीट मांडला. ठेकेदारानं ठोकेवाला ठेवला नव्हता, हे त्याच्याच मुनशीकडून वदवून घेतलं. साहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो.

मग ठेकेदाराच्या वकिलानं केवलरामला उभं केलं.

"ठोका आया था?"

"आया था."

"तो किसने दिया?"

केवलराम खिशातली बिडी चाचपू लागला.

"कोणीतरी असेलच ना. माणूस नव्हता म्हणता आणि ठोका ऐकला म्हणता. दोन्ही कसं?" साहेबांनी मराठीत विचारलं.

केवलरामनं चिंधूकडे बघितलं. चिंधूनं जमिनीकडे. रुक्मानं पदर तोंडात धरला. बाकावर चंपत बसला होता, बोटं नसलेला हात मांडीवर घेऊन. शेवंता त्याच्या सदऱ्याची बाही उगाच सरळ करत होती. मी माझं पुस्तक मिटलं.

"तुम्ही बोलला नाहीत," साहेब केवलरामला म्हणाले, "तर या माणसाचा अर्ज मला फेटाळावा लागेल."

मागच्या बाकावर बांगड्या वाजल्या.

मथुरा शेवंतासोबत नुसती बसायला म्हणून आली होती. ती उभी राहिली.

"ठोका माह्या मानसाचा होता, साहेब."

"तो कुठे आहे?"

"पायव्यात."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

"ढलाईच्या दिवशी तो पाय घसरून आत गेला," ती म्हणाली. "हातोडा हातातच होता. आतल्या सळाखीवर त्यानं थांबाचा ठोका देल्ला. आमी साऱ्यायनं आयकला. पन ढलाई सुरू झाली का घमेल्याची लाइन थांबत नाही. मुनशी वरून वरडून राहिला होता, मांगची बाई धक्का देऊन राहिली होती."

केवलराम खाली बसला होता. तोंड दोन्ही हातांत होतं.

"मंग?" साहेबांनी विचारलं, अगदी हळू.

"मंग एकएक जन पुढं गेला अन् घमेलं रिकामं करून आला, साहेब. मीबी."