घाटाचा की सपाटीचा?

गाडी कुठेही बंद पडू शकली असती. पण ती धापा टाकत, काळा धूर ओकत नेमकी गॅरेजसमोर थांबली. ट्रकच्या केबिनमधून एक उंच ड्रायव्हर भुरभुर पावसात उतरला.

"मेकॅनिक कुठे आहेत?"

"तुमच्यासमोर," ती म्हणाली.

हातात पाना, गालावर ऑइल. आणखी काय पुरावा हवा होता स्वारीला! पण तो बघतच राहिला... आणि मग तीही गोंधळली.

इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणारा टर्बो कामातून गेला होता. नवा येईपर्यंत आठवडा गेला. तेवढ्या दिवसांत तो रोज संध्याकाळी "काम कुठवर आलं" बघायला यायचा, आणि काम सोडून बाकी सगळं बघायचा. फाटक वाजलं की हिचा जीव आपोआप हलका व्हायचा.

आज टेबलावर तीन टर्बो मांडले होते : लहान, मधला, मोठा. त्याने झटकन मोठा उचलला.

"मोठा दिसतो म्हणून?" ती हसली.

"तेरा लिटरचं इंजिन आहे. त्याला शोभायला नको?"

"लग्नाचा फेटा आहे का तो? रस्ता बघून घ्यायचा असतो. लहान घेतला तर एवढ्या इंजिनाचा धूर कोंडतो, दम जातो. मोठा सावकाश फिरायला लागतो. घाटात वळणावर पाय दाबाल, आणि गाडी विचार करत बसेल. घाटाला मधला बरा."

"मग मोठा कुणासाठी?"

"सपाटीसाठी. एकदा वेग धरला की तासन्‌तास थांबायचं नाही, अशांसाठी."

त्याने हातातला टर्बो खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "सपाटीचंच काम विचारलंय कंपनीने. लांबचं आहे... इकडे येणं फारसं होणार नाही. आज कळवायचंय."

खण्णकन आवाज झाला.

"पोरी, पाना पडला तुझा," पलीकडच्या गाडीखालून तिचे बाबा म्हणाले.

तिने पाना उचलला, मोठा टर्बो ओढून घेतला आणि फडक्याने पुसू लागली. काम चोख करायचं, बाकी गिळायचं; दुसरं काय हातात होतं?

"काहीच बोलत नाही तुम्ही —"

"रस्ता गिऱ्हाइकाने ठरवायचा."

"आणि मेकॅनिकला विचारलं तर?"

"सपाटीला हाच. डोळे झाकून घ्या."

"आणि... मेकॅनिकला नाही, तुम्हाला विचारलं तर?"

फडकं थांबलं. पत्र्यावर पाऊस रिमझिमत होता. तिला वाटलं, आता बोलले नाही तर जन्मभर हा पाऊस असाच ऐकावा लागेल.

"तर मधला," ती म्हणाली. "जाऊ नका. मला तुम्ही आवडता... खूप."

त्याने तिच्या हातातला मोठा टर्बो काढून बाजूला ठेवला. त्याची बोटं तिच्या बोटांवर रेंगाळली. "हेच कुणीतरी म्हणावं म्हणून रोज येत होतो. माझंच धाडस होत नव्हतं."

"मग कंपनीला काय सांगाल?"

"घाट सोडवत नाही म्हणून सांगतो."

गाडीखालचा खटखटाट एकदम थांबला होता. बाबा कान देऊन ऐकत होते, हे उघडच होतं. तिने लाजून मधला टर्बो उचलला आणि त्याच्या गाडीच्या इंजिनाला टेकवला.

"धरा इथे. घट्ट."

त्याने धरला. ती बोल्ट लावू लागली. तो पहिला बोल्ट बसायला फार वेळ लागला, कारण दोघांपैकी कुणाचंच लक्ष बोल्टकडे नव्हतं.